फिजिक्सचे सर गेले आणि कपाटातून एक कागदाची पट्टी निघाली

शेवटचा बाक:

मंडळी, मदत हवीये आणि जरा घाई आहे. आमचे फिजिक्सचे सर गेल्या महिन्यात गेले. ८५ वर्षांचे होते, फार त्रास न होता गेले. जुन्या विद्यार्थ्यांनी पुढच्या रविवारी शोकसभा ठेवलीये, छोटी स्मरणिकाही काढतायत, आणि कधीकाळी माझं अक्षर बरं होतं एवढ्या भांडवलावर मुख्य लेख माझ्या गळ्यात मारलाय.

सरांची शिकवण्याची बाजू मी डोळे मिटून लिहू शकतो. ज्युनियर कॉलेजला ते मला १९८७ साली होते, त्या वर्षीच्या वह्या अजून आहेत माझ्याकडे. पण शिक्षक होण्याआधी ते सैन्यात होते, ६५ च्या लढाईत होते, आणि त्याबद्दल आम्हा कोणालाच काही म्हणजे काही माहीत नाही. २६ जानेवारीला कॉलेजने कितीही गळ घातली तरी भाषण करायचे नाहीत, झेंडावंदन झालं की सायकल काढून घरी. आत्तापर्यंत जे चार लेख आलेत त्यात सगळ्यांनी "कडक शिस्तीचे, देशभक्त, करारी" असं लिहिलंय. कसले करारी, प्रॅक्टिकलला बीकर फुटला तर पोरांच्या आधी तेच झाडू आणायचे.

सरांच्या मुलीने (आम्ही ताई म्हणतो) एक डबा काढून दिला. त्यात आहेत दोन मेडल, एक इनलँड लेटर, आणि जाडसर पिवळट कागदाची हातभर लांब गुंडाळी. त्या पट्टीवर आडव्या सहा रेषा, जवळजवळ सरळ, आणि मधेच प्रत्येक रेषेला एक हिसका, पण सगळे हिसके एकाखाली एक नाहीत, पुढेमागे आहेत. वरून खालपर्यंत बारीक उभ्या रेषा, स्केलच्या खुणा असतात तशा. ताईंना वाटतं हा सरांचा जुना ईसीजी. मला तसं वाटत नाही, कारण तिसऱ्या रेषेच्या हिसक्याभोवती पेन्सिलने गोल केलाय, आणि तो गोल शंभर टक्के सरांचा आहे, आमच्या जर्नलमधे चुकलेल्या रीडिंगला असाच करायचे.

पत्र त्यांनी आईला लिहिलंय. पत्ता नुसता ५६ एपीओ (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). मजकूर चार ओळींचा, मी बरा आहे, काळजी नसावी, इथे ऊस आपल्याकडच्यासारखाच उंच आहे, शेतात पाणी भरपूर आहे, आणि कानाला थोडा त्रास आहे पण तो जाईल. (तो गेला नाही. डाव्या कानाने त्यांना आयुष्यभर कमी ऐकू यायचं, आणि शंका नको असेल तर त्या बाजूला बसायचं हे आम्हाला सीनियर लोकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.)

तर प्रश्न दोन. ही पट्टी काय आहे? आणि ज्या माणसाने युद्धाबद्दल अवाक्षर काढलं नाही त्याच्यावरच्या लेखात युद्ध आणावं का, आणायचं तर किती?

एक सांगायचं राहिलं. सरांच्या चाचणीत दर वेळी एक गणित असं असायचं की त्यात एखादी किंमत दिलेलीच नसायची. तिथे "माहिती अपुरी" असं लिहिलं की पूर्ण मार्क. ओढूनताणून उत्तर काढलं की शून्य. पोरं रडायची अक्षरशः.

अकरावी ब:

अरे देवा, माहिती अपुरी! मी ९२ ची बॅच, हे वाचून एकदम पोटात गोळा आला. सर गेल्याचं आत्ता कळतंय मला.

माझी आठवण पावसाळ्यातली. शिकवता शिकवता बाहेर वीज चमकली की सर वाक्य अर्धं सोडून एक बोट वर करायचे आणि वर्ग चिडीचूप. मग गडगडाट झाला की म्हणायचे, "साडेसात सेकंद, भागिले तीन, अडीच किलोमीटर. नदीच्या पलीकडे, टेकडीच्या डाव्या अंगाला." आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथून पुढे. आम्ही नंतर घड्याळ लावून तपासायचो, त्यांचे सेकंद कधी चुकायचे नाहीत. पण दिशा कशी सांगायचे ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि एका कानाने कमी ऐकणारा माणूस दिशा सांगतो हे तर आज लिहिताना पहिल्यांदा डोक्यात आलं.

लेखात युद्ध आणू नये असं माझं मत. त्यांना नको होतं ते.

दुपारचा चहा:

अकरावी ब शी असहमत. माणूस बोलला नाही म्हणजे लपवायचं होतं असं कुठेय, कोणी नीट विचारलंच नसेल. आमच्याकडे फौजी म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, किती मारले आणि कॅन्टीनचं सामान मिळतं का.

शेवटचा बाक, मेडल नीट बघा. गोल मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव बारीक कोरलेलं असतं. भिंग घ्या. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला की बरोबर वाचता येतं.

जुना गनर:

नमस्कार. मी १९७१ ला फील्ड रेजिमेंटमध्ये टीए होतो, म्हणजे टेक्निकल असिस्टंट, तोफेला कोन किती आणि चार्ज (गोळ्यामागे भरायची दारू) कोणता द्यायचा याचा हिशोब करणारा. वय झालंय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

ती पट्टी ईसीजी नाही. माझ्या अंदाजाने ती साउंड रेंजिंगची रेकॉर्ड आहे. तुमचे सर तोफखान्यात असले तर लोकेटिंग युनिटमध्ये असणार. आम्ही तोफा डागायचो, ते लोक शत्रूची तोफ कुठे आहे ते शोधायचे, आणि तेही न बघता, नुसत्या आवाजावरून.

सोपं करून सांगतो. काही किलोमीटर लांबीच्या रांगेत ठराविक अंतरावर मायक्रोफोन पुरून ठेवायचे, प्रत्येकाची जागा सर्व्हे करून अचूक मोजलेली. समोरून तोफ उडाली की आवाज जवळच्या मायक्रोफोनला आधी पोचतो, लांबच्याला उशिरा. तुमच्या सहा रेषा म्हणजे सहा मायक्रोफोन, हिसका म्हणजे आवाज पोचला तो क्षण, आणि उभ्या रेषा वेळेच्या. दोन मायक्रोफोनमधल्या वेळेच्या फरकावरून नकाशावर एक वक्र मिळतो (हायपरबोला), दुसऱ्या जोडीवरून दुसरा वक्र, जिथे सगळे एकमेकांना छेदतात तिथे तोफ. मग ती जागा आम्हाला कळवायचे आणि आम्ही तिथे मारा करायचो. वेळेत शंभरावा भाग सेकंद चुकला तरी आवाजाच्या हिशोबात साडेतीन मीटरचा फरक पडतो, आणि तोफेपर्यंत जाईस्तोवर तो कितीतरी वाढतो. वाऱ्याची दिशा आणि हवेचं तापमान नोंदल्याशिवाय त्या पट्टीला काही अर्थ नसतो.

यंत्र सतत चालू ठेवत नसत, नाहीतर कागदच पुरला नसता. मायक्रोफोनच्या रांगेच्याही पुढे, शत्रूच्या अंगाला, एक माणूस फोन आणि बटण घेऊन बसायचा. तोफेचा आवाज सगळ्यात आधी त्याच्या कानावर, त्याने बटण दाबलं की मागे रेकॉर्डर सुरू. त्याचं काम एवढंच, ऐकत बसायचं. तुमच्या सरांचा कान तिथे गेला की अजून कुठे ते मी इथे बसून सांगू शकत नाही.

पत्रातला ऊस आणि पाणी वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते खेमकरणचं. ८ ते १० सप्टेंबर १९६५, असल उत्तरची लढाई. आपल्या लोकांनी कालवे फोडून शेतात पाणी सोडलं, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले आणि उभ्या उसात दबा धरून बसलेल्या आपल्या रणगाड्यांनी आणि जीपवरच्या तोफांनी ते टिपले. अब्दुल हमीदांचं परमवीरचक्र तिथलं. पण ऊस पंजाबात कुठेही दिसेल आणि सप्टेंबरात पाणी कुठेही साचलेलं असेल, तेव्हा लेखात खेमकरण ठोकून देऊ नका.

मोजून मापून:

एक शंका, राग मानू नका. १९६३ च्या सुमाराला जे ग्रॅज्युएट सैन्यात गेले त्यातले बरेच इमर्जन्सी कमिशनवाले. पाचेक वर्षांत परत आले. त्यांना "युद्धवीर" वगैरे म्हणणं जरा जास्त होतं असं नाही का वाटत? शोकसभेत लोक काहीही बोलतात म्हणून विचारलं.

जुना गनर:

मोजून मापून, युद्धवीर हा शब्द धाग्यात तुमच्याआधी कोणी वापरलेला मला दिसला नाही.

तरी सांगतो. १९६२ ला चीनकडून मार खाल्ल्यावर अधिकारी कमी पडत होते, यशवंतराव चव्हाण नुकतेच संरक्षणमंत्री झाले होते, आणि सरकारने कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना सहा-सात महिन्यांचं ट्रेनिंग देऊन अधिकारी केलं. पुण्याला आणि मद्रासला त्यासाठी शाळा काढल्या. ही पोरं दोन वर्षांत ६५ च्या लढाईत उतरली आणि त्यातली कितीतरी परत आली नाहीत. जी आली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नंतर सोडून दिलं, वय २७-२८, पेन्शन नाही, मग कोणी बँकेत लागलं, कोणी पोलिसात, कोणी बीएड केलं. पाच वर्षं म्हणजे काय ते मोजायला तुमच्याकडे वेगळं मापटं असेल.

शेवटचा बाक, मेडलवरचा नंबर ईसी (इमर्जन्सी कमिशन) या अक्षरांनी सुरू होतोय का बघा.

रेषेवरची मुंगी:

मी सरांची विद्यार्थिनी नाही, पण फिजिक्स शिकवते म्हणून राहवलं नाही. साउंड रेंजिंग पहिल्या महायुद्धात ज्यांनी उभं केलं त्यातला मुख्य माणूस म्हणजे लॉरेन्स ब्रॅग. हो, तोच, क्रिस्टलवर एक्स-रे टाकून बारावीच्या पोरांना छळणारा, एनलॅम्डा बरोबर टूडी साइन थीटा. १९१५ ला वयाच्या २५ व्या वर्षी नोबेल मिळालं तेव्हा तो फौजेत होता, आणि त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

त्यांची अडचण अशी होती की तोफेचा आवाज फार खालच्या पट्टीतला, धप्प असा, तर साधे मायक्रोफोन माणसांचं बोलणं नि घोड्यांच्या टापा सगळं पकडायचे पण नेमकी तोफ सोडायचे. आणि वर तोफगोळा आवाजापेक्षा वेगाने गेला की त्याचा स्वतःचा एक कडाका आधी ऐकू येतो, तो वेगळाच. ब्रॅगला उत्तराचा धागा कुठे सापडला तर संडासात. दार घट्ट बंद, हवा यायला बसायच्या भोकाशिवाय दुसरी वाट नाही, आणि लांबवर तोफ उडाली की हा बसल्या जागी हलकासा उचलला जायचा. म्हणजे कानाला जे जेमतेम कळतं ते दाबाच्या रूपात चांगलंच जोरात येतंय. मग टकर नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने तापलेल्या तारेचा मायक्रोफोन केला, दाबाने हवेची झुळूक आली की तार थंड होते, तिचा रोध बदलतो, झालं काम.

अकरावी ब:

थांबा थांबा. तो संडासचा किस्सा सरांनी आम्हाला सांगितलेला आहे!! पूर्ण वर्ग हसून लोळला होता, आम्हाला वाटलं सर कधी नव्हे ते वात्रटपणा करतायत. ब्रॅगचं नाव घेतलं होतं पण तोफांबद्दल एक शब्द नाही, "एक शास्त्रज्ञ एका कामासाठी आवाज मोजत होता" एवढंच.

आणि आता दुसरं आठवतंय, जे मी पहिल्या प्रतिसादात लिहायचं टाळलं. आमच्या वर्गातल्या एकाने, नाव नको, भर वर्गात विचारलं होतं, सर तुम्ही लढाईत किती माणसं मारली. एकदम शांतता. सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि म्हणाले, "माहिती अपुरी." आणि पुढचं गणित घातलं. आम्ही हसलो. तीस वर्षं मी हा किस्सा विनोद म्हणून सांगत आलोय लोकांना. गनरकाकांचं वाचल्यावर, की हे लोक जागा कळवायचे आणि मारा दुसरे करायचे, आता परत कसा सांगू ते कळत नाहीये.

जुना गनर:

अकरावी ब, लोकेटिंगवाल्यांना एवढंच कळायचं की पट्टीवर अमुक तोफेचे हिसके येत होते ते यायचे बंद झाले. तोफ फुटली, की माणसं मेली, की त्यांनी जागा बदलली, ते कळायला वाव नसायचा. आम्हालाही नसायचा, आम्ही दहा किलोमीटर मागे.

किस्सा आहे तसा सांगा.

दुपारचा चहा:

आता मला प्रॅक्टिकलबद्दल ऐकायचंय. असा माणूस रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग कसा घेत असेल?

शेवटचा बाक:

दुपारचा चहा, हेच लिहायला आलो होतो, तुम्ही तोंडातलं काढून घेतलंत.

अनुनाद नळीचा प्रयोग बाकीच्या बॅचला एका पिरियडमधे उरकायचे, सर आम्हाला तीन आठवडे घ्यायला लावायचे. ट्यूनिंग फोर्क रबरावर आपटायचा, नळीच्या तोंडाशी धरायचा, पाणी खाली करत आवाज कुठे घुमतो ते ऐकायचं, हे सगळ्यांचंच. पण सरांकडे आधी थर्मामीटर. नळीतल्या हवेचं तापमान सुरुवातीला, मधे आणि शेवटी. पंखे बंद, खिडक्या बंद, मार्च महिना, आम्ही घामाने निथळतोय. एकदा मी वैतागून म्हटलं सर एका डिग्रीने ०.६ मीटर फरक पडतो, ३४० मधे काय कळणार तो. तर म्हणाले, "दहा किलोमीटरवरून येणारा आवाज घे. २० डिग्रीला किती सेकंद, ३० डिग्रीला किती?" काढलं. २९.१५ आणि २८.६५. अर्धा सेकंद. म्हणाले, "अर्धा सेकंद म्हणजे किती मीटर?" पावणेदोनशे. "मग. पावणेदोनशे मीटरवर काय काय असू शकतं?" मी म्हटलं, काहीही. "हं," म्हणाले आणि दुसऱ्या टेबलकडे गेले.

वहीत ते आकडे आहेत माझ्या, काल काढून बघितले. दहा किलोमीटरच का घेतले हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. पुस्तकातल्या गणितात विहीर असते, फार तर दरी.

आणि प्रक्षेपणाचं गणित. पुस्तकात "हवेचा विरोध नगण्य माना" असं असायचं ना, तिथे सर थांबायचे आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "परीक्षेपुरतं माना."

जुना गनर:

हे परीक्षेपुरतं मानणं फार आवडलं. आमची २५ पाउंडर घ्या. मोठ्यात मोठ्या चार्जला गोळा तोंडातून साधारण ५२० मीटर सेकंदाला निघायचा. तुमच्या पुस्तकाच्या सूत्रात घाला, ४५ अंशाला २७ किलोमीटरच्या वर उत्तर येतं. प्रत्यक्षात ती तोफ १२ किलोमीटरच्या थोडीशी पुढे टाकायची. बाकीचे पंधरा किलोमीटर हवेने खाल्ले. आणि हवा रोज वेगळी, म्हणून दिवसातून कितीदातरी हवामानाचा निरोप यायचा आणि आम्ही परत हिशोबाला बसायचो. हवा नगण्य मानली तर तोफ नकाशावर एका गावात आणि गोळा दुसऱ्याच गावात.

सरांनी तुम्हाला रेडियन शिकवताना मिल सांगितलं होतं का? वर्तुळाचे ६४०० भाग, एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर एक मीटर.

अकरावी ब:

सांगितलं होतं! हात लांब करून बोटांनी खांबाची उंची मोजायला शिकवलं होतं त्यावरून. आम्ही क्रिकेटच्या ग्राउंडवर करायचो.

मोजून मापून:

माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो. काढून टाकत नाही, राहू दे.

रेषेवरची मुंगी:

शेवटचा बाक, पट्टी लॅमिनेट करायला देऊ नका, हात जोडून सांगते. जुने रेकॉर्डिंगचे कागद कशाचे असतात नेम नाही, उष्णतेने पूर्ण काळे पडू शकतात. गुंडाळी जबरदस्तीने सपाट करू नका, कडेला चिरा जातील. स्वच्छ काचेखाली हलकी ठेवा, दिवसाच्या उजेडात सावलीत फोटो काढा, शेजारी पट्टी (मोजायची) ठेवा, मागची बाजूही घ्या. आणि शोकसभेत हातोहात फिरवू नका, प्रिंट फिरवा.

शेवटचा बाक:

अपडेट देतो. मेडलचं आधी. ताईंकडे भिंग घेऊन गेलो, गोल मेडलच्या कडेवर नंबर आहे, ईसीने सुरू होतो, रँक आणि नाव. गनरकाका, तुम्हाला साष्टांग. एक रक्षा मेडल १९६५ आहे आणि दुसरं, चांदणीचं, समर सेवा स्टार. ताईंना रँक माहीत नव्हती. साठ वर्षं घरात होतं ते. त्या बराच वेळ बोटाने चाचपत बसल्या. कार्यालयात सरांच्या नोंदी मिळतात का तेही बघणार आहेत, जिल्हा सैनिक कल्याणला एक चक्कर मारून येऊ म्हटलं, पण रविवारपर्यंत काही हाती लागणार नाही.

मुंगीताई, मागची बाजू बघायला सांगितलीत ते बरं केलंत. मागे पेन्सिलीत इंग्रजीत तापमान आणि वाऱ्याची दिशा लिहिलीये, आणि तारीख होती तो कोपराच फाटलाय. पट्टी सप्टेंबरच्या लढाईतली आहे की नुसत्या सरावातली, देव जाणे.

आमच्या बॅचचा एक जण आता इंजिनियर आहे, तो रात्रभर त्या फोटोवर बसलाय. सहा हिसके मोजले, वेळेचे फरक काढले, तापमान घालून आवाजाचा वेग काढला, तिसरा मायक्रोफोन तोफेच्या सगळ्यात जवळ होता इथपर्यंत आला. सर नक्की बरोबर म्हणाले असते. पुढे जायला मायक्रोफोनमधली अंतरं लागतात आणि ती कुठेच नाहीत. सकाळी सहाला त्याचा मेसेज आला की अंतरं समान धरून आणि अंदाजे किंमत घालून काढू का, निदान स्मरणिकेत छापायला एक नकाशा तरी होईल.

मी त्याला म्हटलं, काढ आणि बघ किती मार्क मिळतात.